शेंदराखालची दुनळी

सासुरवाडीला जावयानं काय करायचं, याचे नियम आमच्या लग्नाच्या काळात अगदी स्पष्ट होते. यायचं, बसायचं, खायचं आणि खाऊन झालं की पुन्हा बसायचं. पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून घेतला तरी घरात गडबड उडायची, की पाव्हण्यांना पाणीसुद्धा कुणी दिलं नाही का. मी श्रीरामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. रोज कोपरापर्यंत ग्रीसमध्ये हात. अशा माणसाला धुतलेल्या कपड्यांत तक्क्याला टेकवून ठेवलं की दुपारपर्यंत तो भिंतीतल्या खुंट्या सरळ आहेत की वाकड्या ते बघायला लागतो. माझी बायको म्हणायची, तुम्ही माझ्या माहेरी येता तेव्हा शिक्षा भोगायला आल्यासारखे दिसता. ते काही खोटं नव्हतं.

त्याच घरात मी एकदा पितृपंधरवड्यात येऊन थेट दसऱ्यापर्यंत बाह्या वर करून काम केलं. तेही सासऱ्यांच्या बोलावण्यावरून आणि सासूबाईंच्या देखरेखीखाली. काम होतं त्यांच्या घरातल्या जुन्या दुनळी बंदुकीचं.

बंदुकांचा नाद मला शिकारीमुळे लागला नाही. आयुष्यात मी चिमणीवरसुद्धा नेम धरलेला नाही. झालं असं की कारखान्याच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका बिघडल्या की वर्कशॉपमध्ये यायच्या. कधी पिन झिजलेली, कधी स्प्रिंग मोडलेली. एकदा अशीच एक म्हातारी दुनळी माझ्या टेबलावर आली. रॉकेलच्या बोळ्यानं पुसताना नळीवर बारीक बारीक रेघांची नक्षी दिसायला लागली. मला वाटलं कुणी हौसेनं कोरली असेल. नखानं चाचपलं तर नळी गुळगुळीत. नक्षी वर नव्हतीच, लोखंडाच्या आत होती. त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा मला ऐकू आला नाही.

नगरच्या बाजारात बंदुकांची कामं करणारे एक वयस्कर कारागीर होते. माझा एक नातलग त्यांच्या ओळखीचा होता. रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. त्यांनी मला समजावून सांगितलं. लोखंडाच्या आणि पोलादाच्या बारीक सळया एकत्र घ्यायच्या, तापवून दोरासारख्या पिळायच्या. तो पीळ एका गजाभोवती गुंडाळत न्यायचा आणि ठोकून ठोकून एकजीव करायचा. मग आतला गज काढला की राहते ती नळी. लोखंड काळपट पडतं, पोलाद उजळ राहतं, म्हणून ती नक्षी दिसते. विलायती लोक तिला दमास्कस म्हणायचे, हे कारागीर जौहर म्हणायचे. असल्या बंदुका काळ्या दारूच्या जमान्यातल्या. हल्लीच्या काडतुसांचा धक्का त्यांना सोसेलच असं नाही, हेही त्यांनीच मला बजावलं होतं.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली, ती म्हणजे राग. आपल्याकडे जुनी वस्तू दिसली की माणसाच्या हाताला खाज सुटते. एक जण पॉलिश पेपर घेऊन धावतो, दुसरा चंदेरी रंगाचा डबा घेऊन. मी चंदेरी रंग फासलेल्या बंदुका पाहिल्या आहेत. पत्र्याच्या ट्रंकेला देतात तोच रंग, ब्रशचे केस चिकटलेल्या अवस्थेत. ज्यानं ती नळी पिळून घडवली त्याचा जीव काय म्हणाला असता, हा विचार या लोकांच्या मनाला शिवत नाही. मला अजूनही असं काही दिसलं की त्या घरचा चहा गोड लागत नाही.

माझे सासरे जामखेडच्या बाजूचे, ज्वारी-करडईचे शेतकरी. बोलणं कमी. मला बघायला आले तेव्हा पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. लोखंडाचं काम करता म्हणजे काय काय येतं, एवढंच विचारलं. मी पंप सांगितले, गिअर सांगितले आणि उत्साहाच्या भरात बंदुकाही सांगितल्या. त्यांनी मान हलवली आणि होकार देऊन गेले. तुम्हाला माझ्यासाठी पसंत केलेलंच नाही, बंदुकीसाठी केलंय, असं बायको मला आजही ऐकवते.

त्यांना बंदुकीची एवढी काळजी का होती, ते लग्नानंतर कळलं. त्यांच्या गावात दसऱ्याला सगळे शिवेवर जायचे. तिथं आपट्याच्या फांदीची पूजा व्हायची आणि मग हवेत बंदुकीचा एक बार व्हायचा. बार झाल्याशिवाय कुणी आपट्याच्या पानाला हात लावायचा नाही. हा बार काढायचा मान आमच्या सासऱ्यांच्या घराकडे त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला. वर्षातून एकदा, एकच बार. बाकी सालभर बंदूक देवघरात.

दुष्काळाच्या वर्षी मात्र सासऱ्यांनी बंदूक बाहेर काढलीच नाही. सगळं गाव खडी फोडायला गेलेलं. ज्या शिवेत दाणा नाही तिथं बार कशाचा काढायचा, असं म्हणून ते घरात बसून राहिले. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, ज्वारी कमरेला लागली आणि लोकांना भांडायला पुन्हा ताकद आली. सासऱ्यांचे एक चुलत भाऊ होते, म्हणजे माझे चुलत सासरे. वाटणीनंतर दोन घरांत बोलणं मोजकंच राहिलेलं. त्यांनी नवी कोरी दुनळी घेतली होती. त्यांचं म्हणणं असं, की मान एकदा खंडला. शिवाय जुनी बंदूक आता उडत नाही, आदल्या खेपेला बार व्हायला किती वेळ लागला ते सगळ्यांनी पाहिलंय. गावातल्या जाणत्यांनी ऐकून घेतलं आणि ठरवलं, की यंदा जुन्या बंदुकीचा बार झाला तर मान आहे तिथं राहील. नाही झाला तर तो कायमचा दुसऱ्या घराकडे जाईल. सासऱ्यांचा मला निरोप आला तो असा. एरवी जावयाला दिवाळीचं बोलावणं येतं, मला बंदुकीचं आलं.

बंदूक माझ्याकडे आणणं शक्य नव्हतं. परवाना सासऱ्यांच्या नावावर. ती घेऊन मी एस.टी.नं निघालो असतो तर जावईबापू पोलिसांच्या पाहुणचाराला गेले असते. म्हणून मीच रजा काढून गेलो. फोरमन कुरकुरला, पण बंदुकीची गोष्ट ऐकल्यावर वर त्यानंच चांगल्यातला पेचकस काढून दिला. हत्यारं मी पिशवीत तळाला ठेवली आणि वर पेढ्यांचा पुडा. सासूबाईंनी पेढे काढले, मग कानशी, मग लाकडी हातोडी, मग जवसाच्या तेलाची बाटली. त्या माझ्याकडे न बघता सासऱ्यांकडे बघत होत्या. जावयाला राबायला बोलावलं हे शेजारी कळलं तर तोंड कुठं लपवू, असा त्यांचा सवाल होता. सासरे तंबाखू मळत राहिले.

मग बंदूक बघायला मी देवघरात गेलो आणि माझं अवसानच गेलं. मला नळ्या दिसेचनात. दर दसऱ्याला पूजेच्या वेळी तेलात कालवून शेंदूर लावायचा, असा त्या घरचा रिवाज. पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या शेंदराचं जाड, खडबडीत, लालभडक कवच झालेलं. पुढचं तोंड आणि मागचे घोडे तेवढे कसेबसे मोकळे ठेवलेले. शेंदूर फटींतून आत उतरून घोड्याच्या बुडाशी दगड झाला होता. बार व्हायला वेळ का लागतो याचं कोडं तिथंच सुटलं. मी पिशवीतून कानस काढली. सासऱ्यांनी माझं मनगट धरलं.

"खरवडायचं न्हाई, पाव्हणं. देवाला कानस लावतं का कुनी?"

त्यांचंही बरोबर होतं. शेंदराची खोळ माणसानं उतरवायची नसते. मारुतीची खोळ जुनी झाली की आपोआप गळून पडते, मग तिचं वाजतगाजत विसर्जन करतात. पण मारुतीला दसऱ्याची तारीख गाठायची नसते. खरवडल्याशिवाय बंदूक दुरुस्त होत नाही आणि दुरुस्त झाल्याशिवाय मान राहत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. सासरे पुन्हा पुन्हा तंबाखू मळत राहिले. मी चिडून तक्क्याशी जाऊन बसलो. निदान ते काम तरी मला करू देत होते.

वाट काढली ती सासूबाईंनी. त्या चुलीपाशी भाकरी थापत सगळं ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, की देवाला खरवडायचं नसतं, पण न्हाऊ घालायला कुणाची हरकत आहे का. घट बसायच्या आधी घरातले सगळे देव उजळून निघतात. मग यानंच काय पाप केलंय. सासऱ्यांचा हात थांबला. ते म्हणाले, न्हाऊ घालायला हरकत न्हाई.

दुसऱ्या दिवसापासून त्या बंदुकीचं जे न्हाणं सुरू झालं तसं एखाद्या बाळंतिणीच्या लेकराचंही होत नसेल. मी नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या आणि तोंडांत चिंध्यांचे बोळे कोंबले. सासूबाई करडईचं तेल कोमट करून द्यायच्या. तेलात भिजवलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या मी नळ्यांना गुंडाळायचो. मग अंगणात ऊन खायला ठेवायचं. दुपारी पट्ट्या सोडायच्या आणि वरून कढत पाण्याची धार. शेवटी शिकेकाई. लोखंडाला शिकेकाई लावतात हे मी कुठंच ऐकलं नव्हतं, पण सासूबाईंचं म्हणणं पडलं की तेल लावलं म्हणजे शिकेकाई आलीच. मला गंजाची धास्ती, म्हणून मी लगेच कोरड्या फडक्यानं नळ्या पुसत बसायचो. शेंदूर तोंडात जाऊ नये म्हणून जेवायच्या आधी त्या मला राखेनं हात धुवायला लावायच्या आणि नखं तपासायच्या.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. फलाण्याचा जावई बंदुकीला न्हाऊ घालतोय म्हणून लोक काहीबाही निमित्त काढून अंगणात डोकावून जायचे. कुणी विचारलं, टाळू भरली का. कुणी विचारलं, दृष्ट कधी काढणार. बायको घरात तोंडाला पदर लावून हसायची. मला सांगायला हरकत नाही, मला फार मजा येत होती. त्या अंगणात मी पहिल्यांदा पाहुणा नव्हतो.

खोळ पडली ती बरोबर अमावास्येला, घट बसायच्या आदल्या दिवशी. मी पाण्याची धार धरली होती. कट्‌ असा आवाज झाला आणि हाताएवढी एक खपली सुटून परातीत पडली. मागोमाग दुसरी. सासरे उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. संध्याकाळी त्या खपल्या नव्या फडक्यात बांधून आम्ही नदीवर नेल्या. पुढं हलगी, मागं आम्ही. नदीला पाणी होतं याचंच सगळ्यांना अप्रूप. आदल्या वर्षी तिथं नुसती वाळू होती. गाठोडं सोडताना सासऱ्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

आता पुढची अडचण. उद्यापासून नवरात्र. घरातले देव बसले की त्यांना नऊ दिवस हलवायचं नाही. मग बंदुकीला हात कसा लावायचा. सासूबाईंनी याचाही निवाडा केला. "खोळीसंगं देव गेला. नवमीला पूजा करू तवा परत यील. मधी हाय ते तुमचं लोखंड."

मी अशी संधी सोडणारा नव्हतो. घोडे खोलले, साफ केले, झिजलेली स्प्रिंग बदलली. दस्त्याला जवसाचं तेल जिरवलं तेव्हा आक्रोडाच्या लाकडाचे रंग वर आले. पण माझा जीव नळ्यांत होता. शेंदराखाली त्या नुसत्या करड्या, निर्जीव दिसत होत्या. मी त्या राखेनं पुसून अगदी कोरड्या केल्या आणि सासूबाईंकडे चिंच मागितली. चिंचेचं पातळ पाणी कापसानं हलक्या हातानं लावायचं, थोडं थांबायचं, पाण्यानं धुवायचं, पुसायचं आणि पुन्हा लावायचं. घाई केली की डाग पडतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी नक्षी दिसायला लागली. आधी धूसर. मग एकेक वळसा वेगळा होत गेला. काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा, त्यांत बोटाच्या ठशासारख्या लहान लहान भोवऱ्या, आणि असा पट्टा बुडापासून तोंडापर्यंत गोल गोल चढत गेलेला. मी बायकोला हाक मारली. ती सासूबाईंना घेऊन आली. सासऱ्यांनी चष्मा लावून नळी उन्हात धरली आणि कितीतरी वेळ ते ती फिरवत राहिले. ज्या वस्तूला त्यांनी जन्मभर हात जोडले ती त्यांनी पाहिली त्या दिवशी पहिल्यांदा.

सासूबाई म्हणाल्या, हे तर सापाच्या अंगावरचे खवले. त्यांनी तिथल्या तिथं तर्क लावला, की आजेसासऱ्यांना या नळीत नागोबा दिसला असेल, म्हणून त्यांनी शेंदूर लावायला सुरुवात केली आणि नागोबाच दिसेनासा झाला. ते खरं की खोटं कुणाला ठाऊक, पण मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. चंदेरी रंगापेक्षा शेंदूर शंभर पटींनी बरा. त्यानं निदान नळी जपून ठेवली होती.

नळ्यांची एक परीक्षा असते. जोडनळ्या दोरीनं टांगायच्या आणि लाकडी मुठीनं हलकेच टिचकी द्यायची. जोड सुटलेला असला तर बद्द आवाज येतो. मी आढ्याला सुतळी बांधून त्या टांगल्या आणि टिचकी दिली. नाद घुमला तो घरभर. मग घरातल्या प्रत्येकाला एकेक टिचकी मारायची होती. सासरेही वेळ काढून दोनदा येऊन गेले. मला वाटलं, जिंकलो आपण.

सातव्या माळेच्या दिवशी शेवटचा तेलाचा हात देताना माझा अंगठा डाव्या नळीवर अडखळला. बार काढताना डावा हात नळीला धरतो, त्याच्या जरा पुढं. हाताला जेमतेम कळेल इतका उंचवटा. मी नळी उन्हात नेली. बाकी सगळीकडे नक्षीचे वळसे एकमेकांना चिकटून बसलेले, आणि त्या जागी मात्र ते फाकलेले. रेघांमधलं अंतर वाढलेलं. आतून कधीतरी जोराचा धक्का बसून नळी तिथं फुगली होती. साध्या नळीत हे मला दिसलं नसतं. नक्षी होती म्हणूनच दिसलं. उजव्या नळीत डोकावलो तर आत गंजानं पडलेले खड्डे. इतके दिवस तेलाच्या आणि चिंचेच्या नादात मी आत नीट पाहिलंच नव्हतं, कारण बाहेर बघण्यासारखं फार होतं.

 ही बंदूक आता उडवायची नाही, हे उघड होतं. आणि ती उडावी म्हणूनच मला बोलावलं होतं. मी बायकोला आडबाजूला बोलावून सांगितलं. तिनं एकदा ओसरीकडे पाहिलं. मग म्हणाली, तुम्ही सांगता की मी सांगू. नळी फुटली तर जाणारा हात तिच्या वडिलांचा होता.

मी सांगितलं. सासरे ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, की आजवर एवढे बार झाले, आणखी एक होईल. मी म्हटलं, होईलही कदाचित. आणि नाही झाला तर तुमचा डावा हात जाईल, शेजारी उभं असेल त्याचा डोळा जाईल. ते म्हणाले, मान गेल्यावर हात काय करायचाय. माझा आवाज चढला. सासऱ्यांवर आवाज चढवणारा जावई त्या घरानं तोवर पाहिला नव्हता. मी त्यांचा अंगठा धरला आणि त्या उंचवट्यावरून फिरवला. एकदा, दोनदा. मग म्हटलं, मामा, डोळ्यांनी बघा.

त्यांनी चष्मा लावला. नक्षीवरून अंगठा सरकवत नेला आणि त्या जागी थांबवला. मांडीवर अर्धा वळलेला दोर होता, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा नळीकडे पाहिलं.

"पीळ उकललाय," ते म्हणाले. "मोटंचा नाडा तुटायच्या आधी असाच उकलतो."

त्यानंतर मला काहीच समजवावं लागलं नाही. त्यांनी जन्मभर विहिरीवर मोट हाकली होती. उकललेल्या नाड्यावर भरली मोट कुणी ओढत नाही. पण त्यांचा चेहरा मला बघवेना. मला स्वतःचाच राग आला होता, की मी आलो नसतो तर शेंदराखाली सगळं झाकून राहिलं असतं. रात्री जेवताना सासूबाईंनी मला वाढलं नाही. भाकरीची दुरडी माझ्यापुढं सरकवली आणि हातानं घ्या म्हणाल्या. मला वाटलं रागावल्या. बायकोनं नंतर सांगितलं, की त्या घरात दुरडी फक्त घरच्या माणसापुढं सरकवतात.

नवमीला बंदुकीची पूजा झाली. सासऱ्यांनी शेंदराची वाटी हातात घेतली, नळीकडे बघितलं आणि दस्त्यावर बोटभर टिळा लावून वाटी खाली ठेवली.

दसऱ्याच्या दिवशी सगळं गाव शिवेवर जमलं. दोन वर्षांनी सण आला होता, पोरीबाळी नटलेल्या, ज्वारीची कणसं वाऱ्यावर डुलत होती. चुलत सासरे आपली नवी दुनळी खांद्याला लावून एका अंगाला उभे. आपट्याची पूजा झाली, हलगी थांबली आणि सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. सासरे बंदूक घेऊन पुढं झाले. मी त्यांच्या मागं होतो.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. ही बंदूक आता उडायची नाही, हिचा पीळ उकलला आहे, असं सरळ सगळ्यांसमोर सांगितलं. मग भावाकडे वळले. "मान तुझ्या घरचा. काढ बार."

चुलत सासरे पुढं आले, पण त्यांचं लक्ष बार काढण्यात नव्हतं. ते बंदुकीकडे बघत होते. सगळेच बघत होते. तिरप्या उन्हात नळीचे वळसे चमकत होते आणि मागच्या लोकांनी टाचा उंचावल्या होत्या. चुलत सासऱ्यांनी विचारलं, ही तीच का. सासरे हो म्हणाले.

"आज्याची?"

"आज्याची. तुझ्या बी आज्याची."

वाटणीत बंदूक थोरल्या घराकडे गेली तेव्हा चुलत सासरे तरुण होते. तेव्हापासून त्यांनी तिला हात लावला नव्हता. कुणी लावू दिला नव्हता आणि त्यांनी मागितला नव्हता. त्यांनी ही नवी बंदूक का घेतली असेल, ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि मला वाटतं सासऱ्यांनाही तेव्हाच कळलं. सासऱ्यांनी दुनळी दोन्ही हातांवर आडवी धरून भावापुढं केली.

चुलत सासऱ्यांनी आधी आपली नवी बंदूक खांद्यावरून उतरवली, थोरल्या भावाच्या हातात दिली आणि मगच जुनी घेतली. ती घेताना ते म्हणाले, "दादा, बार तुमीच काढा. मला हे धरू द्या." परवाना कुणाचा आणि हात कुणाचा, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. गावचे पाटीलही आपट्याच्या फांदीकडे बघत राहिले.

सासऱ्यांनी नवी दुनळी आभाळाकडे रोखली. बायकांनी पोरांचे कान झाकले, पुरुषांनी आपापले झाकले, मीही झाकले. चुलत सासऱ्यांनी तेवढे झाकले नाहीत. त्यांचे हात मोकळे नव्हते.